पिवळा परवाना आणि गाड्यांचं वर्कशॉप: मेजर कार्ल प्लागे यांनी ज्यूंना कसं वाचवलं

1941 च्या ऑक्टोबरात विल्नियस शहरात ज्यू माणूस जगणार की मरणार, हे एका पिवळ्या कागदावर ठरत होतं. जर्मनांनी असे फक्त तीन हजार कागद दिले आणि घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, माणसं त्याच्या कितीतरी पट होती. कार्ल प्लागे या जर्मन लष्करी अधिकाऱ्याने 1941 ते 1944 या काळात जे केलं, ते समजून घ्यायचं तर हा कागद कसा चालायचा हे आधी पाहायला हवं. त्यांच्या हातातलं मुख्य साधन तेच होतं.

विल्नियस ही आज लिथुआनियाची राजधानी आहे. युद्धाआधी ते पोलंडमधलं विल्नो होतं. 24 जून 1941 रोजी जर्मन सैन्य शहरात शिरलं, तेव्हा तिथे पंचावन्न ते साठ हजार ज्यू राहत होते. होलोकॉस्ट म्हटलं की आपल्याला विषारी वायूच्या कोठड्या आठवतात, पण या भागातल्या कत्तली त्याआधीच सुरू झाल्या आणि त्या बंदुकीने झाल्या. शहरापासून दहाएक किलोमीटरवर पोनारी नावाचं जंगल आहे. सोव्हिएत सत्तेच्या काळात इंधनाच्या टाक्या बसवायला तिथे मोठमोठे गोल खड्डे खणले होते आणि ते काम अर्धवट राहिलं होतं. एसएस या नाझींच्या सशस्त्र संघटनेच्या तुकड्या आणि त्यांचे स्थानिक लिथुआनियन साथीदार ज्यूंना तिथे नेऊन खड्ड्याच्या काठावर गोळ्या घालत. 1941 हे वर्ष संपेपर्यंत शहरातले निम्म्याहून अधिक ज्यू मारले गेले होते. 1944 पर्यंत पोनारीत मेलेल्या ज्यूंचा आकडा सुमारे सत्तर हजारांवर गेला.

उरलेल्यांना 6 सप्टेंबर 1941 रोजी दोन घेट्टोंमध्ये कोंबलं. मग प्रश्न आला तो कोणाला ठेवायचं याचा. एसएसला सगळेच संपवायचे होते. लष्कराला आणि मुलकी प्रशासनाला मात्र हातात कसब असलेले कारागीर हवे होते, कारण जर्मन कारागीर आघाडीवर गेले होते. या ओढाताणीतून पिवळा परवाना निघाला.

परवान्याचे नियम असे होते. ज्या लष्करी तुकडीला किंवा कारखान्याला ज्यू कामगार हवा असेल, त्यांनी मागणी करायची. कामगार कार्यालय ठरावीक संख्येत परवाने देणार. एका परवान्यावर चार माणसं: स्वतः कामगार, नवरा किंवा बायको, आणि सोळा वर्षांखालची दोन मुलं. आई-वडील त्यात बसत नव्हते, भाऊ-बहीण बसत नव्हते, तिसरं मूलही बसत नव्हतं. म्हणजे तीन हजार परवान्यांवर फार तर बारा हजार जीव. बाकीचे हिशेबाबाहेर.

24 ऑक्टोबरला हे प्रत्यक्षात आलं. परवानाधारकांना कुटुंबासह कामाच्या जागी जायला सांगितलं, आणि ते घेट्टोबाहेर पडल्यावर आत राहिलेल्यांची धरपकड झाली. त्या एका कारवाईत जवळपास पाच हजार माणसं पोनारीला गेली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पुन्हा तेच. या काळात घेट्टोत कागदोपत्री लग्नं लागली. एकट्या परवानाधारकाने कुणाच्या तरी बहिणीला बायको म्हणून दाखवलं, शेजाऱ्याचं पोर आपलं म्हणून लिहिलं. काही मुलांनी आपल्याच आईला बायको म्हणून नोंदवलं. पण ही जागा मिळवायलाही आधी कुणाच्या तरी हातात परवाना असावा लागत होता.

वर्कशॉप क्रमांक 562

परवाने मागू शकणाऱ्यांपैकी एक तुकडी होती हेरेसक्राफ्टफारपार्क 562, म्हणजे लष्कराची वाहनदुरुस्ती छावणी. तिचं जर्मन संक्षिप्त नाव एचकेपी. पूर्व आघाडीवरून मोडून आलेले ट्रक, मोटारी इथे दुरुस्त होत. 1941 च्या जुलैपासून तिचे प्रमुख होते प्लागे.

ते 1897 साली डार्मश्टाट इथे जन्मले. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर लढले, ब्रिटिशांचे युद्धकैदी झाले, तिथे पोलिओ झाला आणि एक पाय कायमचा अधू झाला. पुढे डार्मश्टाटच्या तंत्रविद्यापीठातून ते इंजिनियर झाले. 1931 मध्ये ते नाझी पक्षात गेले. हे झाकून त्यांच्याबद्दल बोलता येत नाही, आणि त्यांनी स्वतःही ते कधी झाकलं नाही. हिटलर देशाची घडी बसवेल असं त्यांना वाटलं होतं. पण पक्षाच्या स्थानिक शाखेत वंशसिद्धान्त शिकवायला त्यांनी नकार दिला आणि 1935 मध्ये ते त्या कामातून दूर झाले. 1938 मध्ये, पत्नी अर्धी ज्यू असलेल्या कुर्ट हेस या कारखानदाराच्या मुलाचे ते धर्मपिता झाले. जर्मनीत तेव्हा एवढंही पुरेसं धोक्याचं होतं.

विल्नियसमध्ये त्यांनी जे केलं ते लिहायला अगदी सोपं आहे: जेवढे लागतील त्यापेक्षा जास्त ज्यू कामगार मागायचे. ऑक्टोबर 1941 च्या वाटपात त्यांनी आपल्या वर्कशॉपसाठी अडीचशेच्या आसपास पिवळे परवाने मिळवले. कुटुंबं धरली तर हजाराच्या घरात माणसं होतात. यादीत वेल्डर, फिटर, पत्रेकाम करणारे, गाड्यांच्या गाद्या शिवणारे होतेच. शिवाय न्हावी, चांभार, शिंपी, खाटीक होते, आणि आयुष्यात हातात पाना न धरलेले शिकलेसवरलेले लोकही होते. कागदावर सगळे कुशल कारागीर, वाहनदुरुस्तीला अत्यावश्यक.

हे खपलं कसं? पहिलं कारण म्हणजे गरज खरी होती. रशियातल्या रस्त्यांनी आणि पहिल्याच हिवाळ्याने जर्मन गाड्यांची वाट लावली होती, त्यामुळे दुरुस्तीच्या माणसांची मागणी कुणाला खटकत नव्हती. दुसरं, कोण किती कुशल आहे हे ठरवणारा अधिकारी स्वतः प्लागेच होते. तिसरं कारण कमी सांगितलं जातं. वर्कशॉपमधून दुरुस्त गाड्या खरोखर बाहेर पडत होत्या. खऱ्या मेकॅनिकांच्या कामावर बाकीचे झाकले जात. गाड्या निघायच्या थांबल्या असत्या तर ही सगळी रचना आठवडाभरही टिकली नसती. याचा अर्थ असाही होतो की जर्मन लष्कराची चाकं फिरती ठेवूनच ही माणसं जगत होती. प्लागे यांच्या कामातली ही गाठ सुटणारी नाही, आणि ती सुटल्याचं दाखवण्याची गरजही नाही.

परवान्याने माणूस मरणापासून वाचतो, उपासमारीपासून वाचत नाही. घेट्टोतला शिधा जगायला पुरत नव्हता. एचकेपीत कामगारांना दुपारी गरम जेवण मिळे. ज्यूंना आणि पोलिश कामगारांना माणुसकीने वागवा, असं प्लागे यांनी हाताखालच्या सैनिकांना सांगून ठेवलं होतं आणि मारझोड करणाऱ्यांना ते दूर करत. रस्त्यात पकडलेल्या आपल्या कामगारांना सोडवायला ते आणि त्यांची माणसं स्वतः जात. दर वेळी यश येत नसे. 1943 मध्ये त्यांच्या कामगारांचा एक गट एस्टोनियाच्या छावण्यांकडे जाणाऱ्या गाडीत भरला गेला, तेव्हा त्यांनी स्टेशनवर जाऊन त्यांना उतरवून घेतलं. थोड्या वेळात एसएसचा वरिष्ठ अधिकारी आला आणि त्याने सगळ्यांना पुन्हा गाडीत चढवलं. त्या अधिकाऱ्यापुढे लष्करातल्या मेजरचं काही चाललं नाही.

प्लागे यांच्या अधिकाराची हद्द इथे नेमकी दिसते. वर्कशॉपच्या आत कोण काय काम करतो हे त्यांच्या हातात होतं. ज्यूंचं काय करायचं हे एसएसच्या हातात होतं. या दोन हद्दींमधली जागा ‘मला माणूस कामासाठी हवा’ या एका वाक्याने जेवढी अडवता येईल तेवढीच त्यांची होती. त्यापलीकडे उघड विरोध केला तर काय होतं, याचं उदाहरण त्याच शहरात घडलं होतं.

आंटोन श्मिड

श्मिड हे व्हिएन्नाचे, रेडिओ-विजेच्या सामानाचं दुकान चालवणारे. लष्करात फेल्डवेबेल, म्हणजे सार्जंट. आपापल्या तुकड्यांपासून भरकटलेले सैनिक गोळा करण्याचं केंद्र विल्नियसमध्ये त्यांच्याकडे होतं. त्यांनीही ज्यूंना कामावर ठेवलं, परवाने मिळवून दिले. पण ते तिथेच थांबले नाहीत. लष्कराच्या ट्रकमधून त्यांनी ज्यूंना विल्नियसबाहेर, बेलारूसच्या बाजूला आणि ब्यालिस्टोककडे पोचवलं. तिथे तेव्हा कत्तली थांबलेल्या होत्या. प्रतिकार करणाऱ्या ज्यू तरुणांना त्यांनी आपल्या घरी जागा दिली. या मार्गाने सुमारे तीनशे लोक वाचल्याचं मानलं जातं. पण ट्रकचा प्रवास लपत नाही. पेट्रोलची नोंद असते, नाके असतात, पोचलेली माणसं नव्या गावात बोलतात. जानेवारी 1942 मध्ये श्मिड पकडले गेले, फेब्रुवारीत लष्करी न्यायालयाने शिक्षा सुनावली आणि 13 एप्रिल 1942 रोजी त्यांना गोळी घातली. बायकोला लिहिलेल्या शेवटच्या पत्रात त्यांनी एवढंच म्हटलं की मी माणूस म्हणून वागलो, मला कुणाला दुखवायचं नव्हतं.

दोघांची तुलना करून एकाला मोठं आणि दुसऱ्याला लहान ठरवणं मला बरोबर वाटत नाही. श्मिड यांचं काम काही महिन्यांत संपलं, प्लागे यांचं तीन वर्षं चाललं, आणि त्याचं एक कारण असं की प्लागे कागदाच्या चौकटीतून कधी बाहेर पडले नाहीत. किंमत मात्र दोन्हीकडे मोजावी लागली. प्लागे यांना जेव्हा चौकटीबाहेरची मदत हवी होती, तेव्हा ती त्यांच्याजवळ नव्हती.

सुबोच रस्त्यावरची छावणी

21 जून 1943 रोजी एसएसचा प्रमुख हिमलर याने हुकूम काढला: या प्रदेशातले सगळे घेट्टो बंद करा, कामाच्या माणसांना यातना छावण्यांत हलवा. म्हणजे पिवळा असो की आणखी कुठला, परवान्याचा आधार संपला. घेट्टोच राहणार नव्हता.

प्लागे यांनी वेगळ्या कामगार छावणीची मागणी लावून धरली आणि ती मिळवली. शहराच्या कडेला सुबोच रस्त्यावर दोन मोठ्या इमारती होत्या. गरीब ज्यू कुटुंबांना स्वस्तात राहता यावं म्हणून बॅरन हिर्श यांच्या देणगीतून त्या पूर्वी बांधलेल्या. सप्टेंबर 1943 च्या मध्याला प्लागे यांनी हजारावर माणसं ट्रकमधून घेट्टोतून तिथे आणली. पुढे संख्या साडेबाराशेच्या आसपास गेली. आठवडाभरात, 23 सप्टेंबरला, घेट्टो रिकामा करायला सुरुवात झाली.

एसएसचं म्हणणं होतं की पुरुष घ्या, बायका-मुलांचं काय काम? प्लागे यांनी उत्तरात दयेचा एक शब्द वापरला नाही. कुटुंबापासून तोडलेला माणूस नीट काम करत नाही, उत्पादन घटेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. हे वरिष्ठांना पटण्यासारखं होतं. मग बायका ‘बिनकामाच्या’ दिसू नयेत म्हणून इमारतीत शिवणकामाचे विभाग उघडले. फाटके गणवेश दुरुस्त करायचे, आणि त्या निमित्ताने बायका आणि मोठी मुलंही कामगारांच्या यादीत आली.

पण छावणी कागदोपत्री आता एसएसची होती. पहारा त्यांचा, प्रमुख त्यांचा, आणि लष्कराकडे फक्त काम. 27 मार्च 1944 रोजी प्लागे रजेवर जर्मनीत असताना एसएसने छावणीत येऊन मुलं गोळा केली. तिथे सुमारे अडीचशे मुलं होती, त्यातली बहुतेक नेली. घरात, जिन्याखाली, बिछान्यात लपवलेली थोडीच वाचली. पुढे चित्रकार म्हणून जगभर नाव झालेले सॅम्युएल बाक तेव्हा दहा वर्षांचे होते. त्यांच्या वडिलांनी त्यांना लाकडाच्या भुशाच्या पोत्यात घालून छावणीबाहेर काढलं. वडील स्वतः जुलैमध्ये मारले गेले. प्लागे त्या दिवशी हजर असते तरी त्यांनी हे थांबवलं असतं, असं ठामपणे म्हणता येत नाही. सहा वर्षांच्या पोराला मेकॅनिक म्हणून दाखवता येत नव्हतं, आणि त्यांची सगळी ढाल ‘उपयोगी’ या शब्दावर उभी होती.

1 जुलै 1944

जून 1944 च्या शेवटी सोव्हिएत सैन्य वेगाने पश्चिमेकडे सरकलं. ज्यूंना आनंद व्हावा अशी ही बातमी, आणि नेमकी तीच सर्वांत धोक्याची. आघाडी जवळ आली की वर्कशॉप हलणार, वर्कशॉप हललं की कामगारांची गरज संपणार, आणि साक्षीदार मागे ठेवायचे नाहीत ही एसएसची पद्धत सगळ्यांना ठाऊक होती. कामगारांना सोबत नेण्याची परवानगी प्लागे यांना मिळाली नाही.

शनिवारी, 1 जुलैला ते छावणीत आले. एसएसचा अधिकारी शेजारी उभा होता. अंगणात जमलेल्या लोकांपुढे ते बोलले. वाचलेल्या अनेकांनी पुढे हे भाषण जवळपास सारखंच सांगितलं आहे, आणि त्यातलं एकेक वाक्य उलगडून पाहण्यासारखं आहे.

आघाडी पश्चिमेकडे येते आहे आणि आमची तुकडी हलणार आहे, असं त्यांनी आधी सांगितलं. याचा अर्थ: माझं संरक्षण संपलं. सोमवारपासून तुम्हाला एसएस ताब्यात घेऊन हलवेल, असं पुढे सांगितलं. याचा अर्थ: तुमच्या हातात दोन दिवस आहेत. एसएस ही निर्वासितांचं रक्षण करणारी संघटना आहे हे तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा काळजी नको, असंही ते म्हणाले. शब्दांत एसएसची स्तुती होती, त्यामुळे शेजारच्या अधिकाऱ्याला बोट ठेवायला जागा नव्हती. पण समोरचा प्रत्येक जण एसएसच्या हातून घरची माणसं गमावलेला होता. आणि सामान बांधायची गरज नाही, असं त्यांनी सांगितलं. जिथे जायचं आहे तिथे सामान लागत नाही, हे यापेक्षा स्पष्ट सांगता आलं नसतं.

लोकांना तयारीला सुरुवात करायची नव्हती, चालू असलेली तयारी पुरी करायची होती. लपण्याच्या जागा आधीपासून बांधणं चालू होतं. विल्नियसच्या ज्यूंच्या बोलीत त्यांना ‘मालिना’ म्हणत: खोट्या भिंतीमागची पोकळी, पोटमाळ्याचा बंद केलेला कोपरा, तळघराखालची खोली. अशी जागा बांधताना राडारोडा कुठे टाकायचा ही पहिली अडचण. दार असं हवं की आत शिरलेल्या माणसाला ते आतून बंद करता येईल आणि बाहेरून ओळखू येणार नाही. पाणी आणि सुका पाव आधी साठवावा लागतो. सर्वांत वाईट प्रश्न हवेचा: वीस माणसांसाठी बांधलेल्या जागेत आयत्या वेळी तिप्पट शिरतात, आणि ज्याला बाहेर ठेवलं त्याच्या तोंडून पत्ता फुटण्याची भीती असल्याने नाही म्हणता येत नाही. जुलैच्या उकाड्यात लोक गुदमरले, शुद्ध हरपली. एक खोकला, एका तान्ह्याचं रडणं, सगळ्यांच्या जिवावर.

3 जुलैला, सोमवारी, हजेरी झाली. छावणीत हजाराच्या आसपास माणसं उरली होती, त्यातली निम्मी अंगणात आली. त्यांना पोनारीला नेऊन मारलं. मग एसएसने इमारती धुंडाळल्या. पुढच्या काही दिवसांत सुमारे दोनशे जण सापडले, त्यांना छावणीच्या अंगणातच गोळ्या घातल्या. 13 जुलैला सोव्हिएत सैन्याने शहर घेतलं तेव्हा मालिनांतून आणि बाहेरच्या लपण्याच्या जागांतून एचकेपीतले सुमारे अडीचशे लोक जिवंत निघाले. विल्नियसमधून एका ठिकाणचे एवढे ज्यू दुसरीकडे कुठेच वाचले नाहीत.

निम्मे लोक हजेरीला का आले? इशारा कळला नाही म्हणून नाही, बहुतेकांना तो कळला होता. मालिनांत जागा मर्यादित होती. म्हातारे आणि आजारी माणसं आत टिकणार नव्हती. मार्चमध्ये मुलं गमावलेल्या काहींच्यात धडपडण्याचं बळ उरलं नव्हतं. आणि कुंपणापलीकडे, ज्यूला आसरा दिला तर कुटुंबासह मरावं लागेल या भीतीत जगणारं शहर होतं.

युद्धानंतर

नाझी पक्षाच्या जुन्या सदस्यांची युद्धानंतर चौकशी होऊन पाच वर्गांत विभागणी होत असे: मुख्य गुन्हेगारापासून निर्दोषापर्यंत. प्लागे यांची चौकशी 1947 मध्ये डार्मश्टाटला झाली. एचकेपीतून वाचलेले काही जण तेव्हा जर्मनीतल्या निर्वासित छावणीत होते. त्यांच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी आपण होऊन प्लागे यांच्या बाजूने साक्ष पोचवली. न्यायाधिकरण त्यांना निर्दोष ठरवू शकलं असतं. प्लागे यांनीच ‘सहप्रवासी’, म्हणजे पक्षामागून गेलेला, या चौथ्या वर्गात घाला असं सांगितलं. पक्षात गेलो होतो ही गोष्ट खरी आहे, आणि आणखी करायला हवं होतं, असं ते मानत. 1957 मध्ये त्यांचं निधन झालं.

इस्राएलमधली याद वाशेम ही संस्था ज्यूंना वाचवणाऱ्या ज्यू नसलेल्या लोकांना ‘राष्ट्रांमधले नीतिमान’ हा सन्मान देते. निकष कडक आहेत: ज्यूंना वाचवण्याचा हेतू स्पष्ट हवा, मोबदला घेतलेला नसावा, स्वतःला मोठा धोका पत्करलेला असावा, आणि वाचलेल्यांच्या साक्षी किंवा कागदपत्रं हवीत. एचकेपीतून वाचलेल्या एका स्त्रीच्या मुलाने, मायकल गुड या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी, 1999 पासून साक्षीदार शोधले, पत्रं जमवली आणि अर्ज केला. तो दोनदा नाकारला गेला. अडचण धोक्याच्या निकषाची होती. परवाने मागणं हे तर त्या अधिकाऱ्याचं कामच होतं, मग त्यात धोका कुठे? प्लागे यांनी जे इतकं बेमालूम केलं होतं की एसएसला संशय येऊ नये, तेच साठ वर्षांनी त्यांच्या विरोधात पुरावा म्हणून उभं राहिलं.

आणखी पत्रं आणि साक्षी मिळाल्यावर 2004 मध्ये समितीने सन्मान मंजूर केला आणि एप्रिल 2005 मध्ये यरुशलेमला समारंभ झाला. पुढच्या वर्षी जर्मन लष्कराने डार्मश्टाटजवळच्या फुंगश्टाट इथल्या आपल्या तळाला प्लागे यांचं नाव दिलं. श्मिड यांचं नाव रेंड्सबुर्गच्या तळाला 2000 सालीच दिलं होतं. सुबोच रस्त्यावरच्या दोन्ही इमारती आजही उभ्या आहेत. 2017 मध्ये संशोधकांनी जमिनीखालचं दाखवणाऱ्या रडारने तिथल्या तळघरांची आणि अंगणाची तपासणी केली. मालिनांच्या जागांबद्दल वाचलेल्यांनी जे सांगून ठेवलं होतं, त्याच्या आधारे त्या नकाशावर पक्क्या करण्याचं काम तिथून सुरू झालं.